पेसमेकर असताना नाडी दाखवणारं घड्याळ घ्यायचंय, काय बघून घ्यावं?

सुरंगी

या विषयावरचे प्रश्न इकडेतिकडे विखुरलेले आहेत आणि बहुतेक उत्तरं "डॉक्टरांना विचारा" इथेच थांबतात. डॉक्टरांना विचारायचंच आहे, पण काय विचारायचं ते तरी ठरवून जाऊ या, म्हणून हा वेगळा धागा.

चर्चा भरकटू नये म्हणून एक नमुना धरू. वय 68, डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली दोन तारांचा पेसमेकर, कार्डावर "डीडीडीआर 60–130" (अक्षरं म्हणजे यंत्राची पद्धत, आकडे म्हणजे मिनिटाला कमीत कमी आणि जास्तीत जास्त ठोके). रोज पाऊण तास चालणं, रविवारी टेकडी. अशा व्यक्तीने छातीचा पट्टा घ्यावा की मनगटी घड्याळ? घड्याळाचा पेसमेकरला त्रास होतो का? ईसीजीवालं महागडं घड्याळ घेण्यात अर्थ आहे का? आणि सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: पेसमेकर 60 वर लावलेला असताना घड्याळ 42 दाखवतं, ते कसं?

जाणकारांनी लिहावं. "आमच्याकडे हे घड्याळ आहे आणि मस्त चालतं" एवढाच प्रतिसाद असेल तर त्यासाठी दुसरे धागे आहेत. :)

बिनतारी

आधी मोजण्याच्या दोन पद्धती वेगळ्या करू, कारण पुढचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

मनगटी घड्याळाच्या पाठीवर हिरवे दिवे असतात. हिरवा प्रकाश रक्तात चांगला शोषला जातो. ठोका पडला की मनगटातलं रक्त क्षणभर वाढतं आणि परत येणारा प्रकाश तेवढाच कमी होतो. शेजारचा संवेदक ही चढउतार मोजतो. म्हणजे घड्याळ हृदय मोजत नाही, मनगटापर्यंत पोचलेली रक्ताची लाट मोजतं. यात शरीरात वीज सोडण्याचा प्रश्नच नाही, त्यामुळे मोजण्याच्या या क्रियेचा पेसमेकरशी काही संबंध येत नाही.

छातीचा पट्टा हृदयाची वीज मोजतो. दोन ओलसर पट्ट्यांमधला विजेचा फरक वाचायचा आणि त्यातलं उंच टोक म्हणजे एक ठोका, असा त्याचा हिशोब. पेसमेकर नसलेल्या माणसाला व्यायामात पट्टा मनगटापेक्षा अचूक, यात वाद नाही. पेसमेकर असेल तर मात्र छातीत आणखी एक वीज येते, पेसमेकरच्या स्वतःच्या स्पंदाची. ती साधारण 0.4 मिलिसेकंद टिकते. पट्ट्याने तिलाच ठोका धरलं तर एका ठोक्याचे दोन होतात. दोन तारांच्या पेसमेकरमध्ये हृदयाच्या वरच्या कप्प्याला एक आणि खालच्या कप्प्याला एक असे दोन स्पंद जातात, त्यामुळे तिथे चुकीला वाव आणखी जास्त.

हे प्रत्येकाला होईलच असं नाही. तारेचा स्पंद "बायपोलर" असेल, म्हणजे वीज तारेच्या टोकावरच्या दोन बिंदूंमध्येच फिरत असेल, तर छातीच्या कातडीपर्यंत फार थोडी पोचते आणि पट्टा बरोबर मोजतो. "युनिपोलर" असेल तर वीज तारेच्या टोकापासून थेट पेसमेकरच्या डबीपर्यंत जाते, स्पंद मोठा दिसतो आणि पट्टा फसण्याची शक्यता वाढते. हल्ली बहुतेक सेटिंग बायपोलर असतं, पण जुन्या तारा असलेल्यांनी विचारून घ्यावं.

ठोकेबाज

म्हणजे पट्ट्यावर 140 दिसलं तर आधी निम्मं करून बघायचं. 70 असेल तर बिघाड पट्ट्यात, माणसात नाही.

बिनतारी

ठोकेबाज, विनोद म्हणून ठीक, पण घाईने निम्मं करू नका. 140 खरंच असू शकतात. मनगटावर बोटं ठेवून घड्याळाच्या काट्यावर पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची सवय इथे उपयोगाची नाही, ठोके अनियमित असतील तर चूकही चारपट होते.

कॅथलॅबकर

बिनतारींशी सहमत, आणि म्हणून सुरंगींच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर मनगट. व्यायामात मनगटापेक्षा अचूक हवं असेल तर दंडावर बांधायचा प्रकाशाचा पट्टा. पोलरचा व्हेरिटी सेन्स या जातीतला आहे. तोही हिरव्या दिव्यांचाच, पण दंडाचा स्नायू मनगटापेक्षा कमी हलतो, हाडं कमी, रक्त जास्त, म्हणून आकडा स्थिर येतो. ब्लूटूथ किंवा अँट प्लस या बिनतारी जोडणीने तो घड्याळाला किंवा फोनला जोडता येतो. पेसमेकर डाव्या बाजूला असेल तर उजव्या दंडावर बांधायचा.

छातीच्या पट्ट्याची आणखी एक अडचण कुणी लिहीत नाही. पेसमेकर नवा असेल तेव्हा पट्टा चढवायला दोन्ही हात मागे न्यावे लागतात. पहिले चार ते सहा आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, झटका द्यायचा नाही, असं सांगितलेलं असतं. तार हृदयात नीट रुजायची असते. तेवढ्यासाठी पट्टा नकोच.

आता दुसरा प्रश्न, त्रासाचा. मोजण्याने त्रास नाही हे वर आलंच. त्रास होऊ शकतो तो चुंबकाने. पेसमेकरमध्ये चुंबक ओळखणारा एक छोटा संवेदक असतो, आणि तो मुद्दाम ठेवलेला असतो. पुरेसं चुंबकीय क्षेत्र जवळ आलं की पेसमेकर हृदयाचं ऐकणं थांबवतो आणि ठरावीक वेगाने स्पंद देत राहतो. शस्त्रक्रियेत, तपासणीत याचा उपयोग करतात. उंबरठा साधारण 10 गाउस (चुंबकीय क्षेत्राचं माप). चुंबक दूर केला की यंत्र पूर्ववत. आयसीडी, म्हणजे शॉक देणारं यंत्र असेल तर प्रकरण जास्त गंभीर, कारण चुंबक जवळ असेपर्यंत बहुतेक यंत्रांचं शॉक देणं बंद राहतं.

घड्याळात चुंबक कुठे असतो? बऱ्याच घड्याळांच्या चार्जिंगच्या चकतीत. चुंबकाने चिकटणाऱ्या धातूच्या जाळीदार पट्ट्यात. आणि फोनमध्ये. 2021 च्या सुरुवातीला आयफोन 12 छातीवर ठेवल्याने आयसीडीचं काम थांबल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली. त्याच वर्षी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, असे फोन आणि घड्याळं यंत्रापासून 6 इंच, म्हणजे 15 सेंटीमीटर लांब ठेवायला सांगितलं. ॲपलचाही सल्ला तोच आहे, आणि बिनतारी चार्जिंग चालू असेल तर 30 सेंटीमीटर.

मनगट छातीपासून एरवी तेवढं लांब असतंच. अडचण झोपेत येते. डाव्या कुशीवर, हात छातीखाली घेऊन झोपण्याची सवय असेल तर घड्याळ उजव्या हातात बांधा. घड्याळ उशाशी चार्जिंगला लावू नका, टेबलावर लावा.

ठोकेबाज

आणि आपल्याकडे शर्टाचा खिसा शिंप्याने शिवलेला असतो डाव्या बाजूला, डॉक्टरने पेसमेकर बसवलेला असतो डाव्या बाजूला, आणि फोन जातो त्याच खिशात! घड्याळापेक्षा तो खिसा आधी शिवून टाकायला हवा.

कॅथलॅबकर

अगदी. घड्याळाची चौकशी करणारे निम्मे लोक फोन डाव्या खिशात ठेवूनच ती करतात.

एक अपवाद सांगतो. तारा नसलेला, थेट हृदयात बसवलेला कॅप्सूलसारखा पेसमेकर असतो, मेडट्रॉनिकचा मायक्रा. त्यात चुंबकाचा संवेदकच नाही, त्यामुळे त्याला चुंबकाने वेग बदलण्याचा प्रश्न येत नाही. कार्डावर यंत्राचं नाव वाचा, सगळे पेसमेकर सारखे नसतात.

माईआजी

चांगली माहिती मिळते आहे. ते चरबी मोजणारं घड्याळ असतं, दोन बोटं बटणांवर ठेवायची, ते चालतं का? घरात मुलांनी तसा वजनकाटाही आणून ठेवला आहे.

बिनतारी

माईआजी, नाही. या धाग्यात "हे टाळाच" असं सांगण्यासारखी हीच एक गोष्ट आहे, ती ठळक करतो.

शरीरातली चरबी मोजणारं घड्याळ किंवा वजनकाटा शरीरातून बारीक वीज सोडतो आणि ती किती अडते यावरून चरबी, पाणी, स्नायू यांचा अंदाज बांधतो. सॅमसंगच्या 2021 च्या गॅलक्सी वॉच 4 पासून ही सोय घड्याळात आली, आणि पेसमेकर असणाऱ्यांनी ती वापरू नये असं कंपनी स्वतःच सांगते. पेसमेकर हृदयाची अगदी क्षीण वीज ऐकत असतो. बाहेरची वीज त्याने हृदयाची समजली तर "ठोका पडला, आपली गरज नाही" असं धरून तो गप्प बसू शकतो. 2023 मध्ये युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी संगणकी नमुने आणि प्रयोगशाळेतली यंत्रं वापरून हे तपासलं आणि असा अडथळा येऊ शकतो असा निष्कर्ष काढला. ती चाचणी माणसांवर केलेली नव्हती, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नाही. पण चरबीचा एक अंदाजे आकडा कळावा म्हणून हा धोका कशाला घ्यायचा?

घड्याळ आधीच घेतलं असेल तर टाकायची गरज नाही. ते मोजमाप आपोआप होत नाही, दोन्ही बोटं टेकवून सुरू करावं लागतं. तो पडदा यादीतून काढून टाका, म्हणजे नातवंडंही गंमत म्हणून आजीची बोटं लावणार नाहीत. वजनकाट्यात "फक्त वजन" असा पर्याय असतो तो लावा, नाहीतर साधा काटा बरा.

सुरंगी

आता ईसीजीबद्दल. दुकानदार पेसमेकर म्हटल्यावर तेच पुढे करतात.

बिनतारी

दुकानदाराचं गणित "हृदयाचा रोग म्हणजे हृदयाचं महाग घड्याळ" इतकं सरळ आहे. प्रत्यक्षात पेसमेकरवाल्यांना त्याचा उपयोग इतरांपेक्षा कमीच होतो.

घड्याळातला ईसीजी एका जोडीचा असतो, डाव्या मनगटापासून उजव्या बोटापर्यंत. दवाखान्यात 12 लीडचा, म्हणजे बारा कोनांतून बघणारा काढतात. ॲपल वॉच सेकंदाला 512 वेळा नोंद घेतं, म्हणजे दर दोन मिलिसेकंदांनी एक. पेसमेकरचा स्पंद 0.4 मिलिसेकंदाचा, तो दोन नोंदींच्या फटीतून निसटतो, आणि उरलासुरला गाळणीत जातो. त्यामुळे "पेसमेकर स्पंद देतोय की नाही" या प्रश्नाचं उत्तर त्या आलेखात मिळत नाही. आलेखात काटे दिसले नाहीत म्हणून पेसमेकर बंद पडला असं समजून धावपळ करू नये.

दुसरं, निदान सांगणारं गणित निसर्गतः चालणाऱ्या हृदयाच्या आलेखांसाठी बनवलेलं आहे. पेसमेकरने खालचा कप्पा चालवला की ठोक्याचा आकार रुंद होतो. मग उत्तर "अनिर्णित" येतं. पेसमेकर किंवा आयसीडी असणाऱ्यांना असं होऊ शकतं, हे ॲपलनेही लिहिलेलं आहे. कार्डियामोबाइल नावाची ईसीजी पट्टी मिळते, ती बनवणारी कंपनीसुद्धा पेसमेकरवाल्यांना ती वापरायची शिफारस करत नाही.

कॅथलॅबकर

इथे थोडा वेगळा सूर लावतो. यंत्राने काढलेलं निदान निरुपयोगी, हे मान्य. पण आलेखाची पीडीएफ डॉक्टरांच्या कामाची असू शकते. छातीत धडधड झाली आणि त्याच मिनिटाला 30 सेकंदांचा आलेख निघाला, तर अनुभवी डोळ्याला त्यात जास्तीचे ठोके ओळखता येतात. फक्त त्यासाठी मुद्दाम महाग घड्याळ घेऊ नये. पेसमेकर स्वतःच चोवीस तास नोंद ठेवत असतो. वरच्या कप्प्याची अनियमित लय किती वेळा झाली, किती वेळ टिकली, हे दोन तारांच्या यंत्रात साठतं आणि तपासणीच्या वेळी प्रोग्रामरवर, म्हणजे पेसमेकर वाचणाऱ्या दवाखान्यातल्या यंत्रावर बघता येतं. मनगटावरून अंदाज बांधण्यापेक्षा हृदयातल्या तारेची नोंद केव्हाही खरी.

यातला एक बारकावा. घड्याळाचा "अनियमित नाडी" इशारा नाडीतल्या अंतराच्या गोंधळावर चालतो. वरचा कप्पा थरथरत असला आणि खालचा पेसमेकर चालवत असला तर नाडी घड्याळाच्या काट्यासारखी नियमित लागते. इशारा येणारच नाही. इशारा आला नाही म्हणून रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनाने थांबवण्याचा विचारसुद्धा नको.

याच कारणाने एचआरव्ही (ठोक्यांमधल्या अंतराचा चढउतार), ताण, "शरीराची बॅटरी", झोपेचे गुण, हे सगळे आकडे बाजूला ठेवा. ते दोन ठोक्यांमधल्या नैसर्गिक चढउतारावर काढतात. ठोका पेसमेकर देत असेल तर तुम्ही मोजताय ते पेसमेकरचं घड्याळ, मनावरचा ताण नव्हे.

माईआजी

आणि मुख्य प्रश्न राहिलाच. 60 लावलंय तर 42 कसे?

कॅथलॅबकर

याचं उत्तर लांब आहे, पण पेसमेकरवाल्याच्या घरात सगळ्यात जास्त झोप उडवणारा आकडा हाच, म्हणून सविस्तर लिहितो.

60 चा अर्थ: दोन ठोक्यांमध्ये पेसमेकर 1000 मिलिसेकंदांपेक्षा जास्त वाट बघणार नाही. आता खालच्या कप्प्यातून मधेच एक जास्तीचा ठोका आला असं धरा, मागच्या ठोक्यानंतर 500 मिलिसेकंदांनी. हृदय तोवर भरलेलंच नसतं, त्यामुळे तो ठोका रक्त फारसं ढकलत नाही. मनगटापर्यंत लाट पोचत नाही. पेसमेकरला मात्र तो ठोका ऐकू येतो. तो आपली मोजणी तिथून पुन्हा सुरू करतो आणि 1000 मिलिसेकंद थांबून स्पंद देतो. हे असंच आळीपाळीने चालू राहिलं तर एक फेरा 1500 मिलिसेकंदांचा झाला. मिनिटाला 40 फेरे. हृदयाचे विजेचे ठोके 80, मनगटावर लागणारे 40. पेसमेकर शंभर टक्के बरोबर, घड्याळही बरोबर, आणि घरचे घाबरलेले.

आता यातली फसगत. बरेच जण खात्री करायला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणतात. तोही 40 दाखवतो, आणि मग "दोन यंत्रं सांगतायत म्हणजे खरंच" अशी समजूत होते. ऑक्सिमीटरही प्रकाशाने रक्ताची लाटच मोजतो. रक्तदाबाचं दंडाचं यंत्रही नाडीवरच चालतं. ही तिन्ही एकाच प्रश्नाचं उत्तर देतात. वेगळं उत्तर हवं तर छातीवर स्टेथोस्कोप किंवा ईसीजी.

म्हणून हा आकडा दिसला तर हाताने मिनिटभर नाडी बघा आणि ठोका-दमदार, ठोका-गायब असा ताल लागतोय का ते टिपून ठेवा. त्रास काही नसेल तर डॉक्टरांना फोन करून ईसीजी आणि यंत्राची तपासणी ठरवा. जास्तीचे ठोके दिवसभर पडत असतील तर त्यावर उपचार लागू शकतात, दुर्लक्ष करू नये. पण चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, बेशुद्धी, धाप किंवा छातीत दुखणं यातलं काही असेल तर घड्याळ पुन्हा पुन्हा बघत बसू नका, 108 ला फोन करा. उचकी थांबत नसेल किंवा छातीचा, पोटाचा स्नायू तालात उडत असेल तर तार हललेली असू शकते, त्याच दिवशी दाखवा.

बिनतारी

60 खाली दिसण्याची निरुपद्रवी कारणंही लिहून टाकू.

रात्रीचा वेग वेगळा लावलेला असतो, उदाहरणार्थ 50. मग पहाटे तीनला 50 दिसणं हेच बरोबर. "हिस्टेरेसिस" नावाचं सेटिंग असतं: हृदयाचा स्वतःचा ठोका 50 पर्यंत उतरला तरी यंत्र थांबून राहतं, त्याखाली गेला की मगच 60 ने चालवायला लागतं. काही यंत्रं खालच्या कप्प्याला विनाकारण चालवायचं टाळतात, त्यात अधूनमधून एखादा ठोका गळतो. मध्यरात्रीनंतर यंत्र स्वतःची तारतपासणी करतं, तेव्हा काही मिनिटं वेग बदललेला दिसू शकतो.

उलट, एक आकडा दिसायला अगदी सभ्य असतो पण त्याकडे लक्ष द्यावं. मेडट्रॉनिकच्या बऱ्याच पेसमेकरमध्ये बॅटरी बदलायची वेळ आली की यंत्र आपणहून साध्या एका कप्प्याच्या पद्धतीवर जातं आणि वेग 65 वर ठेवतं. पूर्वी आलेखात चढउतार होते आणि आता रात्रंदिवस 65 ची सरळ रेघ आहे, असं दिसलं तर पुढच्या नेमलेल्या तारखेची वाट न बघता तपासून घ्या. हे कळायला महाग घड्याळ लागत नाही, आठवड्याचा आलेख दाखवणारं कोणतंही चालतं.

सह्यवाटा

चालण्या-चढण्याचा भाग मी घेतो. घड्याळात व्यायामाचे रंगीत पट्टे असतात, ते 220 वजा वय या हिशोबाने भरलेले असतात. 68 वर्षांसाठी ते 152 धरतं. पण कार्डावर 130 लिहिलंय. ज्यांचा वेग पूर्णपणे पेसमेकरवर अवलंबून आहे त्यांचा आकडा 130 च्या वर जाणारच नाही, आणि घड्याळ आयुष्यभर "आणखी जोर लावा" सांगत राहणार. सेटिंगमध्ये जाऊन कमाल वेग हाताने बदलावा. त्यावर बीटा ब्लॉकरची, म्हणजे ठोक्यांचा वेग कमी ठेवणारी गोळी चालू असेल तर पट्टे विसरून बोलून बघणं बरं: चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये. व्हीओटू मॅक्सचा, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं याचा आकडाही याच कारणाने चुकतो.

कार्डावरचं शेवटचं अक्षर "आर" असेल तर हालचाल ओळखून पेसमेकर वेग वाढवतो. बहुतेक यंत्रांत ही ओळख हादऱ्यावरून होते. म्हणून गंमत होते. पर्वतीच्या 103 पायऱ्या चढताना दम लागतो पण शरीर संथ हलतं, वेग कमी वाढतो. उतरताना दम नसतो पण पाय आपटतात, वेग जास्त दिसतो. घड्याळ बिघडलेलं नसतं. सायकलवर तर याहून वाईट, गुळगुळीत रस्त्यावर छाती हलतच नाही आणि आकडा 70 वर अडून बसतो, पाय मात्र जड. श्वासावरून वेग ठरवणारी यंत्रंही आहेत, बोस्टन सायंटिफिकच्या काही पेसमेकरमध्ये तो संवेदक असतो. सायकलवाल्यांनी हे तपासणीच्या वेळी आवर्जून बोलावं, संवेदकाची तीव्रता सेटिंगने बदलता येते.

ठोकेबाज

म्हणजे खड्ड्यांतून रिक्षाने गेलं की बसल्याबसल्या व्यायाम!

सह्यवाटा

आकड्यापुरता, हो. हादऱ्याने काही यंत्रांत वेग थोडा वाढतो खरा.

दुसरी महत्त्वाची गोष्ट, अचानक निम्मा होणारा आकडा. ज्यांचा वरचा कप्पा स्वतः नीट चालतो आणि पेसमेकर फक्त खालच्याला निरोप पोचवतो, त्यांचा वेग चढावर स्वाभाविक वाढतो. पण प्रत्येक ठोक्यानंतर पेसमेकर थोडा वेळ वरच्या कप्प्याचं ऐकत नाही. खालच्या कप्प्याला निरोप देण्याआधी थांबण्याचा काळ 150 आणि नंतरचा बहिरा काळ 280 मिलिसेकंद धरला, तर बेरीज 430, म्हणजे मिनिटाला साधारण 140. वरचा कप्पा याच्यापुढे गेला की दर दुसरा ठोका कानाआड होतो आणि आकडा 140 वरून एकदम 70. चढाच्या ऐन मध्यावर पाय गळतात, थांबलं की दोन मिनिटांत ठीक. आलेखात असा कडा तुटल्यासारखा दिसला तर वेळेसकट त्याचा फोटो घेऊन जा. अनेक यंत्रांत हा काळ वेगाबरोबर आपोआप आखूडतो, नसेल तर सेटिंग बदलून तो आखूड करता येतो. अशा वेळी एकेक सेकंदाची नोंद ठेवणारं घड्याळच उपयोगी पडतं, दहा मिनिटांतून एकदा मोजणारं नाही.

आयसीडीवाल्यांसाठी: शॉक कोणत्या वेगाला सुरू होतो तो आकडा विचारा आणि घड्याळाचा वरचा इशारा त्याच्या 10 ते 20 ठोके खाली लावा.

माईआजी

चालताना घड्याळ कधीकधी 115 दाखवतं आणि हाताने मोजलं तर 85 भरतात. हे कशाने?

बिनतारी

ती पावलं आहेत, माईआजी. माणूस मिनिटाला 110–120 पावलं चालतो, हात त्याच तालात हलतो, सैल घड्याळ त्याच तालात आपटतं आणि बिचारं पावलालाच ठोका समजतं. घड्याळ मनगटाच्या उंचवट्याच्या हाडावर नको, एक-दोन बोटं वर, कोपराकडे. चालायला निघताना एक घर घट्ट करा, आल्यावर सैल. कडं किंवा बांगड्या त्याच हातात असतील तर त्या घड्याळाला खाली ढकलत राहतात, घड्याळ दुसऱ्या हातात घाला. थंडीत बोटं गार पडली की मनगटातलं रक्त आटतं, आधी पाच मिनिटं हात गरम होऊ द्या. गोंदण असेल तिथे प्रकाश अडतो.

सुरंगी

मग दुकानात जाताना काय लिहून न्यावं?

कॅथलॅबकर

दुकानाआधी पेसमेकर तपासणीच्या दिवशी हे आकडे कागदावर मागून घ्या: खालचा वेग, रात्रीचा वेग, वरचा वेग दोन्ही (संवेदकाचा आणि वरच्या कप्प्यामागे जाण्याचा), हिस्टेरेसिस आहे का, खालचा कप्पा किती टक्के पेसमेकर चालवतो. तपासणीच्या छापील कागदावर हे असतं, फक्त तो फाइलमध्ये जाऊन बसतो.

मग घड्याळ. इशाऱ्याचे आकडे हाताने बदलता यावेत. ॲपल वॉचमध्ये खालचा इशारा 40, 45 किंवा 50 असा निवडता येतो आणि बसल्याजागी दहा मिनिटं तसंच राहिलं तरच तो येतो, त्यामुळे एखाद्या गळलेल्या ठोक्याने धावपळ होत नाही. रात्रीचा वेग 50 असेल तर इशारा 45 ला, नाहीतर रोज पहाटे घर जागं. व्यायामात सेकंदासेकंदाची नोंद हवी. पट्टा बकलचा किंवा वेल्क्रोचा, चुंबकी नको. अंक मोठे, चष्म्याशिवाय दिसतील असे.

ॲपलच घ्यायचं तर ईसीजी नसलेलं एसई पुरेसं. गार्मिनचं फोररनर 55 सारखं साधं धावण्याचं घड्याळ चालतं, त्याचा चार्जर खाचेत बसणारा आहे, चुंबकाने चिकटणारा नाही. सॅमसंग घेतलं तर चरबीवाला पडदा बंद.

बिनतारी

आणि दीड-दोन हजारांतलं, रक्तदाब-साखर सगळं दाखवणारं घड्याळ घेण्याआधी एक चाचणी: त्याला गुंडाळलेल्या टॉवेलवर बांधा आणि मोजायला लावा. टॉवेलचे ठोके 72 आले तर तिथेच ठेवून या. सुई न टोचता साखर मोजणारं एकही घड्याळ मान्यताप्राप्त नाही, असा इशारा एफडीएने फेब्रुवारी 2024 मध्ये दिलेला आहे.

माईआजी

टॉवेलची चाचणी आजच करते. घरातलं 78 दाखवतंय की काय बघू.

माईआजी

81.